अकरा डॉक्टर, कॉल घेणारे दोघेच

प्रश्न असा आला आहे. एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयाने तीन आडगावांत टेलिमेडिसिनची, म्हणजे डॉक्टरने दुरून पडद्यावर रुग्ण बघायची, केंद्रं उघडली. कॅमेरे, डिजिटल स्टेथोस्कोप, इंटरनेट, सगळं बसवलं. डॉक्टरांची दोन प्रशिक्षणं झाली. वर्ष होत आलं, पण रुग्णालयाच्या अकरा डॉक्टरांपैकी दोघेच कॉल घेतात. बाकीच्यांना तंत्रज्ञानाची भीती वाटते का, त्यांना तयार कसं करायचं आणि आणखी चांगली यंत्रं घेतली तर फरक पडेल का, असं व्यवस्थापकांनी विचारलं आहे.

मी फिजिशियन आहे. तळकोकणात सव्वीस वर्षं झाली. त्यातली बरीच वर्षं मी स्क्रीनसमोर बसून दुसऱ्या टोकाच्या रुग्णाला बघते आहे, आणि त्याआधी काही वर्षं मी स्वतः तुमच्या त्या कॉल न घेणाऱ्या नऊ डॉक्टरांसारखीच होते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहिते.

आधी एक गैरसमज काढून टाकू. तुमचे अकराच्या अकरा डॉक्टर टेलिमेडिसिन करतात. जे तुमच्या त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत, तेसुद्धा. त्यांच्यापैकी कुणाचंही व्हॉट्सॲप बघायला मिळालं तर बघा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने रात्री दीड वाजता पाठवलेला ईसीजीचा तिरका फोटो असेल, त्यावर त्याच्याच हाताची सावली पडलेली. ठाण्याच्या मुलाने गावातल्या वडिलांचा शुगरचा रिपोर्ट पाठवून ‘गोळी वाढवू का?’ असं विचारलेलं असेल. मेव्हण्याच्या शेजाऱ्याच्या पाठीवरचं पुरळ असेल. आमच्याकडे तर चाकरमान्यांच्या घरची ही रीतच आहे. गणपतीला आलेला मुलगा आईला दवाखान्यात दाखवून जातो आणि पुढचे अकरा महिने तिची तब्येत माझ्या फोनवर चालते. याची फी नाही, नोंद नाही, वेळ ठरलेली नाही. तरी आम्ही सगळे हे करतो, कारण नाही म्हणवत नाही.

म्हणजे डॉक्टर दुरून सल्ला द्यायला तयार का नाहीत, हा प्रश्नच नाही. जे काम ते खिशातल्या फोनवर रोज करतात, तेच तुमच्या खोलीत बसून करायला का नको म्हणतात, हा प्रश्न आहे. फरक कुठे पडतो ते बघा. खासगी फोनवर समोरचा माणूस ओळखीचा असतो. त्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला मी दहा वर्षं ओळखते. तो ‘पोट कडक लागतंय’ म्हणाला की ते कडकच असतं, आणि तो घाबरट असेल तर तेही मला माहीत असतं. शिवाय शंका आली तर ‘घेऊन या’ म्हणायची सोय असते. तुमच्या खोलीत मात्र समोर अनोळखी रुग्ण, त्याच्या शेजारी अनोळखी कर्मचारी, आणि मी जे बोलेन ते माझ्या नावाने, नोंदणी क्रमांकासकट, कायमचं नोंदलं जाणार. डॉक्टरला कॅमेऱ्याची भीती नाही. दुसऱ्या टोकाच्या अनोळखी हाताची आणि अर्धवट माहितीवर घ्यायच्या पुऱ्या जबाबदारीची आहे. तुमच्या दोन प्रशिक्षणांत याबद्दल किती मिनिटं बोलणं झालं? माझा अंदाज आहे की लॉगिन कसं करायचं आणि कुठलं बटण दाबायचं, यातच दुपार गेली असेल.

हे माझं एकटीचं निरीक्षण नाही. माणसं नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात, याचं एक प्रसिद्ध प्रारूप फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलं. त्यात दोन मुख्य गोष्टी होत्या: हे माझ्या कामाला उपयोगी आहे असं वाटणं, आणि हे वापरायला सोपं आहे असं वाटणं. पुढे हाँगकाँगच्या सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांवर हेच प्रारूप टेलिमेडिसिनसाठी तपासून पाहिलं गेलं. तो अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. उपयोगी वाटण्याचा डॉक्टरांच्या तयारीवर स्पष्ट परिणाम दिसला, वापरायला सोपं वाटण्याचा मात्र दिसला नाही. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. जी माणसं दुर्बिणीतून पित्ताशय काढायला शिकतात, ती व्हिडिओ कॉल लावायला शिकणार नाहीत? यंत्र अवघड असलं तरी रुग्णाचं भलं होताना दिसलं की डॉक्टर ते शिकतो. आणि कितीही सोपं असलं तरी त्याचा उपयोग दिसला नाही तर ते झाकून ठेवतो.

झाकून ठेवण्यावरून आठवलं. इस्रोने २००१ पासून उपग्रहाद्वारे टेलिमेडिसिनचे प्रयोग सुरू केले आणि त्या दशकात देशभर अनेक रुग्णालयांच्या गच्च्यांवर डिश बसल्या. मी काम करायचे तिथेही एक खोली तयार झाली होती. अख्ख्या इमारतीत वातानुकूलन त्या एकाच खोलीत होतं. त्यामुळे मे महिन्यात सगळ्या बैठका तिथे व्हायच्या. वाढदिवसाचा केकही तिथेच कापला जायचा. यंत्रावर निळं प्लास्टिक असायचं आणि किल्ली कारकुनाकडे. मी स्वतः त्या खोलीतून पहिल्या दोन वर्षांत चार रुग्ण दाखवले असतील. का? कारण तज्ज्ञाची वेळ घ्यायला तीन दिवस लागायचे. तोवर रुग्ण बरा झालेला असायचा, नाहीतर बांबोळीला गेलेला असायचा. आमचे सिंधुदुर्गातले गंभीर रुग्ण गोव्याला, बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात जातात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ज्या खोलीतून उत्तर येईपर्यंत गाडी बांबोळीला पोचते, ती खोली कोण वापरणार?

मग २०२० आलं. २५ मार्चला, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि जे वीस वर्षांत झालं नव्हतं ते वीस दिवसांत झालं. माझे सत्तरीतले गुरुजी, जे आयुष्यभर ‘नाडी धरल्याशिवाय बोलू नये’ म्हणत आले, तेही टॅबलेट पुस्तकाला टेकवून पेशंट बघायला लागले. पण दोन वर्षांनी ओपीडीतली गर्दी परत आली आणि तेच टॅबलेट नातवंडांकडे गेले. तेव्हा पुष्कळांनी निष्कर्ष काढला की डॉक्टर मुळातच जुन्या वळणाचे. मला तसं वाटत नाही. करोनात प्रत्यक्ष तपासणीत जीवाचा धोका होता, म्हणून दुरून बघण्यात उघड फायदा होता. धोका गेला, हिशोब उलटला. ज्यांना दुसरा काही फायदा सापडला होता, त्यांनीच ते चालू ठेवलं.

सरकारी बाजूचं चित्र वेगळं दिसतं, त्याबद्दल थोडक्यात. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने तयार केलेली ई-संजीवनी ही टेलिमेडिसिन सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये आरोग्य केंद्रांसाठी सुरू झाली, एप्रिल २०२० मध्ये थेट रुग्णांसाठी खुली झाली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावर १० कोटी सल्ले झाले. आकडा प्रचंड आहे आणि दुर्गम भागात तिचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला आहे. पण त्या आकड्यावरून डॉक्टरांची तयारी मोजू नका. नोकरीत ड्युटी लागली की कॉल घेतला जातो. तो मनापासून घेतला की कसा, हे आकड्यात येत नाही. तुमचे डॉक्टर मानद किंवा रुग्णामागे मोबदला घेणारे असतील तर त्यांच्यावर ड्युटी लादता येणार नाही, आणि लादली तरी तीस सेकंदांत कॉल संपवण्याची कला प्रत्येक डॉक्टरला अवगत असते.

आता कायद्याबद्दल, कारण नऊ डॉक्टरांच्या मनात सगळ्यात मोठी गाठ इथेच असणार. त्यांना विचारलंत तर ते एक प्रकरण सांगतील. रत्नागिरीतल्या एका डॉक्टर दांपत्याला मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये अटकपूर्व जामीन नाकारला. बाळंतिणीला पुन्हा दाखल करून घेतलं तेव्हा डॉक्टर जागेवर नव्हते, फोनवरून औषधं सांगितली गेली आणि पुढे तिचा मृत्यू झाला. निकाल आला त्या आठवड्यात कोकणातल्या डॉक्टरांच्या प्रत्येक गटात एकच वाक्य फिरत होतं: फोनवर औषध सांगितलं की अटक. त्याआधी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात म्हटलं होतं की तातडीची वेळ सोडली तर फोनवरून औषध लिहून देणं टाळावं. ही भीती हवेतली नाही. तिला हसू नका.

पण रत्नागिरीचं प्रकरण नीट वाचलं तर ते टेलिमेडिसिनचं नाही. रुग्ण दाखल आहे, डॉक्टर गावात नाही, पर्यायी डॉक्टरही नाही आणि तब्येत बिघडत असताना फोनवर काम भागवलं जातं, असं ते प्रकरण आहे. आणि त्यानंतर २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आली, जी डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचा भाग झाली. त्यांत डॉक्टरच्या बाजूच्या अशा काही गोष्टी आहेत, ज्या मी भेटलेल्या दहातल्या आठ डॉक्टरांनी वाचलेल्या नसतात. एक म्हणजे नाही म्हणायचा हक्क. दुरून बघणं पुरेसं नाही असं वाटलं तर डॉक्टर कुठल्याही क्षणी सल्ला थांबवून रुग्णाला प्रत्यक्ष बोलावू शकतो. दुसरी, औषधांच्या याद्या. पॅरासिटामॉल, ओआरएससारखी साधी औषधं कुठल्याही माध्यमातून देता येतात. पुढच्या यादीतली पहिल्या भेटीत फक्त व्हिडिओवर बघूनच देता येतात. आधी प्रत्यक्ष तपासलेला रुग्ण त्याच आजारासाठी फेरतपासणीला आला असेल तर आणखी मोकळीक मिळते, आणि परिशिष्ट एक्समधली (कायद्याने कडक नियंत्रण असलेली) व गुंगीची औषधं दुरून लिहायचीच नाहीत. तिसरी गोष्ट पैशाची: दुरून दिलेल्या सल्ल्याची प्रत्यक्ष तपासणीसारखी फी घेता येते आणि तिची पावती द्यायची असते.

चौथी गोष्ट तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. दुसऱ्या टोकाला डॉक्टर असेल आणि तो तुमच्या तज्ज्ञाचा सल्ला विचारत असेल, तर उपचार करणारा डॉक्टर तोच राहतो आणि उपचारांची जबाबदारीही त्याचीच राहते. तज्ज्ञ सल्लागार असतो. दुसऱ्या टोकाला नर्स किंवा आरोग्यसेविका असेल तर हे लागू होत नाही, मग पडद्यासमोरचा डॉक्टरच उपचार करणारा. तुमच्या तीन केंद्रांपैकी किती ठिकाणी डॉक्टर आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. जिथे आहे, तिथून सुरुवात केली असती तर तुमचे निम्मे डॉक्टर पहिल्या महिन्यात तयार झाले असते, असं मी पैजेवर सांगते.

आणि इथे एक गंमत आहे. नोंद राहते म्हणून डॉक्टर खोलीत येत नाहीत आणि नोंद राहत नाही अशा व्हॉट्सॲपवर मोकळेपणाने बोलतात. उद्या वाद झालाच तर त्यांना कुठली गोष्ट वाचवेल? ‘मी फोनवर घेऊन या म्हटलं होतं’ याला पुरावा काय? आमच्या एका सहकाऱ्याला हे महागात पडलं. त्याने खरोखरच तसं सांगितलं होतं, नातेवाईक म्हणाले सांगितलंच नाही, आणि कागद कुणाकडेच नव्हता. त्या दिवसापासून तो सगळे कॉल नोंदीच्या यंत्रणेवर घेतो. तुमच्या डॉक्टरांना वकिलाचं तासभर भाषण देण्यापेक्षा अशा अनुभवातून गेलेल्या एखाद्या डॉक्टरला चहाला बोलवा. डॉक्टर डॉक्टरचंच ऐकतो. याचा मला अभिमान नाही, पण आहे ते असं आहे.

आता त्या दुसऱ्या टोकाच्या हाताकडे येते. मला सगळ्यात जास्त याबद्दलच सांगायचं आहे.

दुरून तपासताना माझे हात कापलेले असतात. मग माझे हात व्हायला कुणीतरी लागतं. रुग्णाच्या पायाला सूज आहे का, हे कॅमेऱ्यात कळत नाही. सिस्टरने नडगीवर अंगठा दाबून पाच आकडे मोजले आणि उठलेला खळगा कॅमेऱ्याला दाखवला की कळतं. रक्त कमी आहे का, कावीळ आहे का, हे पडद्यावर बघू नये. पिवळ्या बल्बखाली सगळं गाव कावीळ झाल्यासारखं दिसतं. डोळ्याशेजारी कोरा पांढरा कागद धरायला सांगितला की निदान रंग किती फसवतोय ते समजतं. पुरळाचा एक फोटो लांबून, एक जवळून, आणि शेजारी एक रुपयाचं नाणं. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाच्या दिवसांत तापाचा रुग्ण आला की पोटऱ्या दाबल्यावर तो कळवळतो का, डोळे लाल आहेत का, लघवी किती वेळा झाली, हे न विचारता सांगणारी एक सिस्टर माझ्याकडे आहे. तिचा कॉल आला की मी जेवणावरून उठते. दुसऱ्या एका केंद्रावरून ‘ताप आहे, अशक्तपणा आहे, औषध सांगा’ एवढंच येतं. तो कॉल मीही टाळत आले आहे, हे कबूल करते.

भाषेचंही तसंच. मालवणी माणूस ‘जीव घाबरो होता’ म्हणतो. शहरातल्या तरुण डॉक्टरने ते ऐकून चिंतेचा त्रास असं लिहिल्याचं मी पाहिलं आहे. आमच्या सिस्टरला माहीत असतं की साठीचा माणूस घामाघूम होऊन असं म्हणत असेल तर आधी ईसीजी काढायचा.

म्हणून डॉक्टरांच्या तयारीचा विचार करताना या दुसऱ्या टोकाच्या माणसाच्या तयारीचाही विचार करा. नर्स, समुदाय आरोग्य अधिकारी, आशाताई हेही आरोग्यसेवकच आहेत, आणि त्यांना कुणी विचारत नाही. त्यांच्या बाजूने बघितलं तर टेलिमेडिसिन म्हणजे आधीच्या डझनभर रजिस्टरांत एकाची भर, नेटवर्क नसल्याचा दोष आपल्या माथी, आणि वर पडद्यावरचा साहेब ‘नीट दाखवा हो’ म्हणून रुग्णासमोर खेकसणार. एकदा खेकसलं की ती बाई पुढचे सहा महिने फक्त सर्दीचे कॉल लावते. मग डॉक्टर म्हणतो, मला सर्दीसाठी बसवलंय का? हे चक्र मी किमान चार ठिकाणी पाहिलं आहे. ते नेहमी पडद्याच्या डॉक्टरकडच्या बाजूने सुरू होतं.

यावर मला सापडलेला उपाय अगदी साधा आहे. तुमच्या प्रत्येक डॉक्टरला एकदा त्या केंद्रावर न्या. उद्घाटनाला नव्हे, कामाला. दिवसभर तिथल्या सिस्टरबरोबर बसून पंचवीस रुग्ण एकत्र बघू द्या, दुपारचा डबा एकत्र खाऊ द्या. खळगा कसा दाखवायचा, ईसीजीचे चिकट तुकडे कुठे लावायचे, हे डॉक्टरने स्वतः शिकवावं. येताना वाटेत किती वळणं आहेत, एसटी दिवसातून किती वेळा येते, हे त्याला अंगावर कळू द्या. परत आल्यावर त्याच केंद्रावरचा कॉल त्याला अनोळखी राहत नाही. आमच्याकडे ज्या डॉक्टरांनी अशी एक तरी फेरी केली, त्यांच्यापैकी बहुतेकजण टिकले. जे कधीच गेले नाहीत त्यांच्यापैकी कुणी टिकल्याचं मला आठवत नाही.

सगळ्या शाखांना एकच नियम लावू नका. एक्स-रे, सीटी बघणारे डॉक्टर सर्वांत आधी तयार झाले, कारण त्यांचं काम मुळातच चित्रावर चालायचं. चित्र शेजारच्या खोलीतून आलं काय नि शंभर मैलांवरून आलं काय. मनोविकारतज्ज्ञांना बोलणं आणि चेहरा लागतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेली-मानसची १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा तर मुख्यतः फोनवर चालते. त्वचारोगवाल्यांना चांगले फोटो मिळाले तर ते खूश असतात. याउलट सर्जनला पोटावर हात ठेवायचा असतो, आणि बालरोगतज्ज्ञाला मूल किती मलूल आहे हे खोलीत शिरताक्षणी कळतं, तसं ते पडद्यावर कळत नाही. हे लोक नाही म्हणतात तेव्हा बऱ्याचदा बरोबर असतात. त्यांना शस्त्रक्रियेनंतरच्या जखमा बघण्यापुरतं, वजन-लसीकरणाच्या पाठपुराव्यापुरतंच मागा.

गोव्यात २०१८ पासून हृदयविकाराच्या तीव्र झटक्यासाठी चालणारा स्टेमी प्रकल्प मला यात फार शिकवणारा वाटतो. छोट्या रुग्णालयात छातीत दुखणारा माणूस आला की तिथेच ईसीजी काढायचा, तो लगेच वाचला जातो, बांबोळीचं मेडिकल कॉलेज केंद्रस्थानी, आणि झटका नक्की असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे देऊन मग रुग्ण पुढे पाठवायचा. याला डॉक्टरांचा विरोध का झाला नसावा याचा मी पुष्कळ विचार केला. प्रश्न एकच आणि नेमका: हा झटका आहे की नाही? उत्तर मिनिटांत मिळतं. उत्तर मिळाल्यावर करायची गोष्ट, म्हणजे ते इंजेक्शन, हाताशी असतं. आणि पुढे रुग्ण कुठे जाणार हे ठरलेलं असतं. या चार गोष्टी असल्या की डॉक्टरला तयार करावं लागत नाही. तुमच्या केंद्रांवर मात्र ‘काहीही विचारा’ अशी पाटी आहे, आणि तज्ज्ञाने सांगितलेली गोळी त्या गावात मिळत नाही, असं मी धरून चालते. सांगितलेलं औषध रुग्णाला मिळत नसेल तर तिसऱ्या कॉलनंतर डॉक्टरचा त्यातला जीव जातो.

आता पैशाचं. लोक हे लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. रुग्णामागे मोबदला घेणाऱ्या डॉक्टरची ओपीडी चालू असताना तुम्ही त्याला मध्येच कॉल लावता. बाहेर चाळीस माणसं बसली आहेत. कॉलला वीस मिनिटं लागतात, त्यातली आठ ‘आवाज येतोय का’ यात जातात. मोबदला शून्य, कारण संस्था सेवाभावी. सेवाभाव संस्थेचा, वेळ मात्र डॉक्टरचा. पहिल्या महिन्यात तो हसत करतो. दुसरी बाजू गावातल्या खासगी डॉक्टरांची. तुमच्या केंद्रामुळे आपला पेशंट परस्पर तुमच्याकडे जाईल, ही त्यांची धास्ती असते. आणि जिथे कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन, चालते तिथे तर रुग्ण कुणाकडून कुणाकडे जातो यावर घरं चालतात. पडद्यावरचा सल्ला त्या साखळीची एक कडीच काढून टाकतो. असे लोक उघड विरोध करत नाहीत. ‘मोबाइलवर कुठे तपासतात का?’ एवढं एकच वाक्य चावडीवर सोडतात. त्यांना बाहेर ठेवू नका. रुग्ण त्यांचाच राहील, उलट टपाली चिठ्ठी त्यांच्याच नावाने जाईल, असं ठरवा आणि पाळा.

वयाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बैठकीत कुणीतरी नक्की म्हणणार की तरुण डॉक्टर घ्या, ते करतील. माझा अनुभव निराळा आहे. तरुण डॉक्टर बटणं भराभर दाबतात, पण तपासणीशिवाय निर्णय घ्यायचं धाडस त्यांच्यात नसतं आणि ते योग्यच आहे. मग ते प्रत्येकालाच ‘घेऊन या’ म्हणतात. तीस वर्षं ओपीडी केलेल्या डॉक्टरला चार प्रश्नांत बरंच कळतं, आणि घाई कुठे करायची हेही कळतं. त्यांच्याशेजारी टंकलेखनाला एक मुलगी बसवा. माझे ते सत्तरीतले गुरुजी अजूनही आठवड्यातून एक दुपार बसतात, ते यामुळेच. टॅबलेट गेला नातवंडांकडे. संगणक ती मुलगी चालवते आणि ते फक्त बोलतात.

तर मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं? नवीन रुग्ण सहा महिने बंद. फक्त फेरतपासणी: मधुमेह, रक्तदाब, दमा, फिट्स. ज्यांना तुमच्या डॉक्टरांनी एकदा प्रत्यक्ष तपासलेलं आहे असेच रुग्ण. त्यात कायद्याची मोकळीक जास्त, धोका कमी, आणि म्हाताऱ्या माणसाचा एसटीचा दिवस वाचतो हे डॉक्टरला डोळ्यांनी दिसतं. प्रत्येक डॉक्टरला एकच केंद्र द्यायचं, बदलत ठेवायचं नाही. आठवड्यातला एक ठरलेला दीड तास, त्या वेळात ओपीडी नाही, आणि त्याचा मोबदला कमी का होईना पण ठरलेला. कुठले रुग्ण पडद्यावर घ्यायचेच नाहीत याची यादी डॉक्टरांनी स्वतः करावी: छातीत दुखणं, गरोदर बाईला रक्तस्राव, मलूल बाळ, सापाचा दंश. यांना थेट गाडी, कॉल वाटेत. आणि दोघे जे आज कॉल घेतात, त्यांच्यावर सगळा भार टाकू नका. एकाच्या उत्साहावर चाललेली केंद्रं त्याची बदली झाली की दुसऱ्या दिवशी बंद पडलेली मी पाहिली आहेत. महिन्याला किती कॉल झाले हे भिंतीवर लावू नका, नाहीतर सर्दीचे कॉल वाढतील. किती जणांची फेरी वाचली आणि किती जणांना वेळेवर पुढे पाठवलं, हे दोन आकडे डॉक्टरांना दाखवा.

अकरापैकी दोघेजण तरीही कधीच बसणार नाहीत. त्यांना सोडून द्या, ते प्रत्यक्ष रुग्ण चांगले बघत असतील.

राहिला यंत्रांचा प्रश्न. नवीन काही घेऊ नका. डिजिटल स्टेथोस्कोपचा आवाज इंटरनेट अडखळलं की घरघर होऊन येतो आणि डॉक्टर त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत; माझ्याकडचा कपाटात आहे. त्या पैशात प्रत्येक केंद्रावर पांढरा उजेड देणाऱ्या दोन ट्यूब लावा, मोबाइलला एक स्टँड घ्या, बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर बसवा, चांगल्या प्रतीचा ऑक्सिमीटर आणि लहान-मोठ्या अशा दोन पट्ट्यांचं रक्तदाबाचं यंत्र ठेवा. पैसे उरले तर सिस्टरसाठी एक मदतनीस नेमा. कॉल चालू असताना बाहेरच्या रांगेकडे बघायला कुणीतरी लागतंच.